धावणे, धर्म आणि मागची बाकी



गेल्या वर्षभरात स्थानकाच्या ओट्यावर, लग्नघरात, अगदी भाजीच्या गाडीपाशीसुद्धा मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. "भाभीजी, या वयात धावता कशासाठी?" आणि "घरचं नि धर्माचं कसं जमवता?" तिसरा प्रश्न तोंडावर कुणी विचारत नाही, पण फिरून तो कानावर येतोच. "भाईसाहेब गेल्यावर हिला हे सुचतं तरी कसं?" तिन्हींची उत्तरं आज एकदमच लिहिते. सोपं वाटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या.

आधी माझ्याविषयी थोडं. वय 64. शिक्षण बी.कॉम., 1982 सालचं. दुकानाच्या वह्या मी तीस वर्षं घरातूनच लिहिल्या, त्यामुळे कुठलीही गोष्ट जमा-नावे मांडून पाहायची सवय आहे. मॅरेथॉनचं म्हणाल तर आमच्या तरुणपणी हा शब्द बायकांसाठी नव्हताच. 1967 मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या शर्यतीत कॅथरीन स्विट्झर ही तरुणी नंबर लावून धावली, तेव्हा एक अधिकारी तिला रस्त्यातच ओढून बाहेर काढायला धावला होता. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली 1984 साली, लॉस एंजेलिसला. त्या वर्षी मी पिंपळनेरात नवी बिंदणी होते, आणि घरातून देरासर-स्थानकापर्यंत जायचं तरी डोक्यावरचा पदर सरकू न देता. पुढे आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. टीव्हीवर तिला पाहताना हे म्हणाले होते, "बघ, आपल्याच डोंगरातली पोरगी आहे." मी पोळ्या लाटत होते. तेवढ्यावर विषय संपला.

मला धावणं खरं समजावलं ते दुसऱ्याच एका बाईने. बारामतीच्या लता करे. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, पोटासाठी बारामतीकडे आलेलं कुटुंब. नवरा आजारी पडला, तपासण्यांना पैसे नव्हते. कुणीतरी सांगितलं, मॅरेथॉन आहे, बक्षीस आहे. साठी ओलांडलेल्या या बाई नऊवारी नेसून, अनवाणी, ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या गटात धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावर "लता भगवान करे" हा चित्रपट 2020 मध्ये आला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आहे. त्याला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये विशेष उल्लेख मिळाल्याची बातमी 2021 च्या मार्चमध्ये आली. आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, ज्यांच्यासाठी त्या धावल्या होत्या, ते त्यांचे यजमान कोरोनाने गेले.

ही दुसरी बातमी मी वाचली तेव्हा आमच्या घरातही तेच घडून गेलं होतं. 2021 चा एप्रिल. महावीर जन्मकल्याणकाला चार दिवस बाकी होते. हे सात दिवस दवाखान्यात होते. आत कुणाला सोडत नव्हते. आपल्यात माणूस जायला लागला की घरचे उशाशी बसतात, मांगलिक ऐकवतात, कानाशी नवकार म्हणतात. यांच्या कानाशी कुणी नव्हतं. मी घरात देव्हाऱ्यासमोर बसून नवकार म्हणत होते, आणि मधे बावीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता होता की शंभराचा, काय फरक पडतो? उठावणाही धड झाला नाही. चार माणसं तोंड बांधून आली आणि लांबूनच हात जोडून गेली.

पुढचं दीड वर्ष मी घर चालवलं. चालवलं एवढंच म्हणता येईल. सामायिकेला बसले की अठ्ठेचाळीस मिनिटं डोळ्यासमोर तो दवाखान्याचा दरवाजा. शरीर आसनावर, मन तिथे. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि रोज चालायला लावलं. हृदयाची तपासणीही करून घेतली. चालता चालता 2022 च्या दिवाळीनंतर एका सकाळी मी एका विजेच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावले. दम लागला. पण त्या दोन खांबांच्या मध्ये तो दरवाजा दिसला नाही. एवढंच निमित्त.

मग एक मिनिट धावणं, चार मिनिटं चालणं, असं सुरू झालं. तीन महिन्यांनी दोन-दोन मिनिटं. आज मी अठ्ठेचाळीस मिनिटांत साधारण साडेपाच किलोमीटर जाते. मागच्या जानेवारीत 21 किलोमीटरची अर्ध मॅरेथॉन तीन तास वीस मिनिटांत पूर्ण केली. माझ्या मागे फार थोडे लोक होते, पण होते.

आता धर्माचं. पहिला आक्षेप हिंसेचा येतो, आणि तो मला योग्यच वाटतो. पायाखाली जीव येतो. साधू-साध्वींना ईर्यासमिती आहे, पुढची साडेतीन हात जमीन पाहून पाऊल टाकायचं. आपण श्रावक, पण विवेक आपल्यालाही आहे. म्हणून मी अंधारात धावत नाही. नीट उजाडल्यावरच निघते, गवतातून किंवा शेताच्या बांधावरून न जाता डांबरी रस्त्याने जाते. चातुर्मासात पांझरेच्या बाजूला सगळीकडे ओल असते, रस्त्यावर गांडुळं, गोगलगायी येतात. त्या चार महिन्यांत धावणं जवळजवळ बंद, फक्त चालणं, तेही पाहून. स्पर्धा करणारे तरुण म्हणतात, चार महिने सोडलं की तयारी जाते. जाते खरी. कार्तिकी पौर्णिमेनंतर मी पुन्हा खाली उतरून सुरुवात करते. तेवढी किंमत मला मान्य आहे.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही. किती लांब जायचं याचा विचार आपल्या बारा व्रतांत आधीपासूनच आहे. सहावं व्रत दिशा परिमाण. कुठल्या दिशेला किती अंतराच्या पुढे जायचं नाही, याची मर्यादा आपण स्वतः घालून घ्यायची. दहावं देशावकाशिक, त्यात ती मर्यादा दिवसापुरती आणखी आवळायची. मी लहान असताना आजी रोज सकाळी ही मर्यादा ठरवायची आणि मला वाटायचं, जी बाई वाड्याबाहेर जातच नाही तिला मर्यादा कशाला? आता कळतं. जिला जाता येतं, तिच्याच मर्यादेला अर्थ आहे. माझी रोजची मर्यादा ठरलेली आहे, एका बाजूला सामोडे आणि दुसऱ्या बाजूला लाटीपाडा धरणाचा रस्ता. पाय चांगले चालताहेत म्हणून आणखी एक किलोमीटर, असा मोह फार होतो. धावणाऱ्या कुणालाही विचारा. दुखापती तिथेच होतात. त्या मोहाला माझ्याकडे आधीच लिहून ठेवलेलं उत्तर आहे.

तिसरं खाण्यापिण्याचं. रात्री चौविहार, सकाळी नवकारसी, म्हणजे सूर्यास्तापासून सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांपर्यंत पोटात काही नाही. तासाभराच्या धावण्याला त्याने काही अडत नाही. स्नायूंमध्ये साठवलेली साखर तेवढी पुरते. मी संध्याकाळी साडेपाचला बाजरीची भाकर, मुगाची डाळ, दूध असं पोटभर घेते. पण दीड-दोन तासांच्या पुढे अंगाला पाणी, मीठ आणि साखर लागतेच. जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, म्हणजे नवकारसी यायला आठ वाजतात, आणि स्पर्धा सुटते सहाला. दोन तास कोरडं धावणं माझ्या वयाला बरं नाही. मी महासतीजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "पच्चक्खाण आपली शक्ती पाहून घ्यावं, आणि घेतलं की पाळावं. घेऊन मोडण्यापेक्षा विचार करून न घेतलेलं बरं." त्या दिवशी मी नवकारसी घेतली नाही, पण सूर्य उगवेपर्यंत थेंबही घेतला नाही. त्यानंतर घरून नेलेलं उकळून गार केलेलं पाणी, त्यात लिंबू, साखर, मीठ. सोबत खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की. स्पर्धेत वाटतात त्या मऊ गोळ्या घेताना पाकीट वाचा. काहींत जिलेटिन असतं, काहींत मध. आपल्याला दोन्ही चालत नाही. आणि उपवासाच्या दिवशी, त्यातही चौविहार उपवासाला, धावू नका. आयंबिल-एकासण्याला चाला. पर्युषणाच्या आठ दिवसांत माझे बूट कपाटात असतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. धावणं म्हणजे सामायिक नव्हे. "आम्ही धावतो तेच आमचं ध्यान" असं म्हणणारे भेटतात, त्यांना मी काही बोलत नाही. पण आसन, मुहपत्ती, अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी आणि सावद्य क्रियेचा त्याग, त्याची जागा रस्ता घेऊ शकत नाही. माझं सामायिक पाचला सुरू होतं, धावणं त्यानंतर. उलटं करून पाहिलं तर सामायिकेत झोप येते.

घरचं म्हणाल, तर घर तक्त्यावर चालतं. माझ्या बाहेर पडण्याच्या वेळात सुनेवर डबे, दूधवाला आणि नातवाची अंघोळ असं सगळं येऊन पडू नये, ही पहिली अट मी स्वतःला घातली. भाजी रात्रीच निवडून ठेवते, कणीक मात्र सकाळीच, कारण शिळी चालत नाही. आठवड्यातून तीनच दिवस धावते. उरलेल्यांपैकी दोन दिवस ती तासभर बाहेर जाते आणि स्वयंपाकघर माझ्याकडे. ती धावत नाही, गच्चीवर बसून चहा पिते आणि पुस्तक वाचते. तिचा तास तिने कसा घालवायचा हे मी विचारत नाही. मुलाला सुरुवातीला लोकांची काळजी होती. "मम्मी, गावात सगळे ओळखतात, ट्रॅक पँटवर बाजारातून जाशील?" मी पंजाबी ड्रेस आणि पिन लावलेली ओढणी घालून निघाले. लता करे नऊवारीत धावल्या, मग ओढणीने काय अडतंय?

सगळ्यात मोठी परवानगी मात्र सासूबाईंची होती. त्या 88 वर्षांच्या. माझा नवरा गेला, पण त्यांचा पोटचा मुलगा गेला. हे दुःख मोजून कुणाचं मोठं म्हणायचं? त्यांच्या काळात आमच्या समाजात विधवेने कित्येक महिने कोपऱ्यात बसायचं, बाहेरचं तोंड पाहायचं नाही, अशी रीत होती. त्यांनी स्वतः ती भोगली आहे. म्हणून त्यांना विचारायची मला भीती वाटत होती. त्या माळ थांबवून म्हणाल्या, "बिंदणी, मी कोपऱ्यात बसून पाहिलं आहे. त्याने काही कमी होत नाही. तू रस्त्याने जा, मी माळेने जाते." तेव्हापासून मी परत आले की त्या विचारतात, आज काय दिसलं? मग मी पाय ताणत त्यांना सांगते. धरणात पाणी किती आहे, कुणाच्या शेतात कांद्याची लागवड चालली आहे, पिंपळाला पालवी फुटली का, ट्रॅक्टरची रांग कुठपर्यंत होती. त्या दाराबाहेर गेल्याला तीन वर्षं झाली. गावाची खबर मात्र माझ्याआधी त्यांच्याकडून सुनेला मिळते.

आता तो तिसरा प्रश्न.

धावताना मी नवकार म्हणते, मनातल्या मनात. माझ्या चालीने एक माळ, म्हणजे 108 नवकार, तीन किलोमीटरच्या आसपास पूर्ण होते. बरेच महिने मी हे नवकार यांच्यासाठी म्हणत होते. ते सात दिवस जे कानाशी म्हणायचे राहिले, ते फेडते आहे असं मनाशी धरलं होतं. लता करे नवऱ्यासाठी धावल्या, मीही धावते आहे, असं वाटून बरं वाटायचं. पण मनात एक कुसळ होतं, म्हणून एकदा शेषकाळात महासतीजी गावात विराजमान असताना मी हे त्यांच्यापुढे मांडलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "श्राविकाजी, तुमचं त्यांच्या खात्यात काही जमा होत नाही. ज्याचं कर्म त्याचं. हे तुम्हालाही ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. लहानपणापासून पाठशाळेत शिकलो. तरी त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले. एवढे किलोमीटर, एवढ्या माळा, आणि त्यातलं यांच्यापर्यंत काहीच पोचलं नाही.

मग दोन-तीन दिवसांनी, सामोड्याच्या रस्त्याला, हिशेबाची दुसरी बाजू माझ्या डोक्यात आली. बी.कॉम. झालेल्या बाईला ती इतक्या उशिरा दिसावी! माझं त्यांच्या खात्यात जमा होत नाही, तर माझं नसणं त्यांच्या नावेही पडत नाही. मी कानाशी नव्हते म्हणून त्यांचं काही बुडालं नाही. ते रोज दुकान उघडण्याआधी पाच मिनिटं गादीवर बसून नवकार म्हणायचे, चाळीस वर्षं. ते त्यांचे स्वतःचे होते. त्या खोलीत, त्या नळ्यांमध्ये, ते त्यांच्यापाशी असणारच. ते म्हणायला त्यांना मी लागत नव्हते.

शास्त्रात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. आवडत्याच्या वियोगात मन घोटाळत राहणं, इष्टवियोग, हा त्यातलाच एक. पूर्वी मला ते वाचून अपराधी वाटायचं, जणू रडणं म्हणजे धर्म सोडणं. पण गौतमस्वामींची गोष्ट आठवा. प्रभूंचं निर्वाण झालं तेव्हा ते जवळ नव्हते. प्रभूंनीच त्यांना देवशर्मा ब्राह्मणाला बोध द्यायला पाठवलं होतं. परत येताना वाटेत बातमी कळली आणि एवढे मोठे गणधर लहान मुलासारखे रडले. शेवटच्या वेळी मला दूर का ठेवलं, असंच म्हणाले ना ते? त्याच रडण्यातून विचार पुढे गेला, राग गळाला, आणि पहाटे केवलज्ञान झालं. दिवाळी आणि गौतमस्वामींचा दिवस आपण लागोपाठ करतो, पण त्या दोन्हींच्या मध्ये रात्रभर एका माणसाचं रडणं आहे, हे लक्षात घेत नाही. आपण कुठे आणि ते कुठे. पण वाटेत रडू आलं तर लाजायचं कारण नाही, एवढं मी त्यातून घेतलं. वाटेतच थांबायचं नाही, हेही.

आता मी नवकार माझ्यासाठी म्हणते. रडू येतं कधी कधी, चौथ्या-पाचव्या किलोमीटरला, दम आणि हुंदका एकच होतो. मग चालते. श्वास बसला की पुन्हा धावते. दुकानाच्या वहीत काही रकमा आम्ही बुडीत खात्यात टाकायचो, विषय संपायचा. दुःखाची रक्कम तशी टाकता येत नाही. ती मागची बाकी म्हणून प्रत्येक दिवाळीला नव्या वहीत ओढावी लागते. फक्त नव्या वहीत तिच्याखाली दुसऱ्याही नोंदी येऊ लागतात. नातवाचा पहिला नंबर, सुनेचं पुस्तक, सासूबाईंची धरणाची चौकशी, माझे 21 किलोमीटर. त्या नोंदी झाल्या म्हणून बाकी खोटी ठरत नाही, आणि बाकी आहे म्हणून पुढची पानं कोरी ठेवायची नसतात.

घर, धर्म आणि धावणं यांचा ताळा रोजच्या रोज लागतो का? नाही लागत. कुठल्या दिवशी सामायिक होतं आणि धावणं राहतं, पाहुणे आले तर दोन्ही मागे पडतात. मी ताळेबंद रोज मांडत नाही. वर्षाने एकदा, संवत्सरीच्या आधी, शांत बसून पाहते. तेवढं पुरतं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवा, गुडघे आणि रक्तदाब दोन्ही. महिनाभर फक्त अठ्ठेचाळीस मिनिटं चाला. मग खांबापासून खांबापर्यंत. बोलता येईल इतक्याच वेगाने. घरात जिचा वेळ तुम्ही घेणार आहात, तिला आधी तिचा वेळ द्या.

आमच्या स्थानकातल्या आम्ही पाच जणी सध्या रविवारी एकत्र निघतो. त्यांतल्या दोघींच्या घरी गेल्या दोन-तीन वर्षांत माणूस गेलेलं आहे. पहिले दोन किलोमीटर कुणी कुणाशी बोलत नाही, तसं न ठरवताच झालं आहे. या रविवारी लाटीपाड्याच्या रस्त्याला जाणार आहोत. साधे बूट चालतील. नीट उजाडलं की निघू.

जय जिनेंद्र.